'अमेली'चा गोडवा: सुटे भाग खोलून पाहू

रिळवाला (धागाकर्ता)

जाँ-पिएर ज्यने यांचा 'अमेली' फ्रान्समध्ये २५ एप्रिल २००१ रोजी लागला. मूळ नाव लांबलचक आहे, 'अमेली पुलँचं अद्भुत नशीब' अशा अर्थाचं. त्यावर मराठीत जे लिहिलं जातं त्यात 'गोड', 'निरागस' आणि 'परीकथा' हे तीन शब्द हमखास येतात आणि गाडी तिथेच थांबते. हा धागा त्याच्या पुढचा. गोडवा आहे हे मान्य. तो कोणत्या खटपटीतून आला ते बघायचं. रहस्यभेद भरपूर आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

माझं म्हणणं असं की हा सिनेमा भावुक कमी आणि काटेकोर जास्त आहे. पहिलंच वाक्य घ्या. ३ सप्टेंबर १९७३, संध्याकाळचे ६ वाजून २८ मिनिटं ३२ सेकंद, आणि मिनिटाला १४,६७० वेळा पंख हलवणारी एक माशी पॅरिसच्या मोंमार्त्रमधल्या सँ-व्हँसाँ रस्त्यावर बसते. त्याच क्षणी जवळच्या उपाहारगृहात वाऱ्याने टेबलक्लॉथ फुगतो आणि त्यावरचे पेले नाचू लागतात. त्याच क्षणी एक म्हातारा मित्राच्या अंत्यविधीहून परत येऊन पत्त्यांच्या वहीतून त्याचं नाव खोडतो. आणि त्याच क्षणी अमेलीचा गर्भ राहतो. या माहितीपैकी कथेच्या उपयोगाची फक्त शेवटची. पण निवेदक आंद्रे दुसोलिए हे सगळं बातम्या वाचाव्यात तशा कोरड्या, खात्रीच्या आवाजात सांगतात. तोच आवाज हळवा झाला असता तर पाचव्या मिनिटाला कंटाळा आला असता.

माणसांची ओळखही तशीच. बाप काय करतो हे एका वाक्यात उरकतं. त्याला भिंतीवरचा कागद मोठ्या पट्ट्यांत सोलायला आवडतं, हत्यारांची पेटी रिकामी करून, पुसून, पुन्हा भरायला आवडतं. आईला आंघोळीनंतर बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या आवडत नाहीत. आवडी-नावडींच्या यादीतून माणूस उभा करायची ही युक्ती ज्यने यांनी १९८९च्या एका लघुपटात आधीच वापरून पाहिली होती, तेव्हा दोमिनिक पिनों यांना घेऊन. तेच पिनों इथे, अमेली जिथे काम करते त्या कॅफेत टेपरेकॉर्डर घेऊन बसणारा संशयी जोसेफ आहेत.

यादी लिहिताना लोक चुकतात ते इथेच. 'तिला पाऊस आवडतो', 'त्याला पुस्तकांचा वास आवडतो' असलं काहीतरी लिहितात. ते कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणाचंच होत नाही. अमेलीला धान्याच्या पोत्यात हात खुपसायला आवडतो, क्रेम ब्र्युले या फ्रेंच गोड पदार्थावरचा जळक्या साखरेचा पापुद्रा चमच्याच्या टोकाने फोडायला आवडतो, सँ-मार्तँ कालव्यावर दगड टप्पे देत फेकायला आवडतात. तिन्ही गोष्टी हाताने करायच्या आहेत आणि तिन्ही एकट्याने. तिचा अख्खा स्वभाव त्यात आला.

लोलक

रंगांवर लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. 'अमेली लुक' म्हणून मोबाइलवर जो हिरवट-पिवळा फिल्टर मिळतो त्याचा आणि या सिनेमाचा संबंध नावापुरता.

छायाचित्रण ब्रुनो देलबोनेल यांचं. रंगसंगतीचा स्रोत ब्राझीलचे चित्रकार ज्युआरेझ माचाडो: लाल, हिरवा, सोनेरी पिवळा, आणि तोल सांभाळायला एखादा निळा ठिपका. चित्रण फिल्मवर झालं, मग निगेटिव्ह स्कॅन करून पॅरिसच्या द्युबुआ कंपनीत संगणकावर रंगकाम झालं, आणि ते पुन्हा फिल्मवर उतरवलं. अख्ख्या सिनेमाचं असं रंगकाम तेव्हा नवलाईचं होतं. पण महत्त्वाचा भाग असा की निम्मं काम त्याआधीच उरकलेलं होतं. कलादिग्दर्शक आलीन बोनेतो यांनी अमेलीच्या घराच्या भिंती लाल केल्या. ते घर पॅरिसमध्ये नाही, जर्मनीत कोलोनच्या स्टुडिओत उभारलेला सेट आहे. कपडे लाल-हिरवे, दिव्यांच्या टोप्या पिवळ्या. संगणकाने फक्त त्यावर हात फिरवला.

लघुपटवाल्यांनी हा क्रम उलटा केला की काय होतं? पांढरी भिंत, निळी जीन्स, ट्यूबलाइट, आणि वरून हिरवा थर. माणूस काविळीने आजारी दिसतो. करायचंच असेल तर असं करा:

आधी चौकटीतून निळं आणि झगझगीत पांढरं काढून टाका. पडदा, चादर, बादली, सगळं. भिंतीला हात लावता येत नसेल तर मागे मेंदी रंगाचा किंवा विटकरी कापडाचा पडदा टाका. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तुमचा पिवळा रंग दर शॉटला 'दुरुस्त' करत बसेल. रंगकाम करताना मधल्या छटा किंचित पिवळ्या-हिरव्याकडे न्या, गडद भाग थोडा हिरवा, आणि त्वचेचा रंग वेगळा निवडून त्यातला हिरवा काढून घ्या. ही त्वचेची पायरी गाळली की सगळं फसतं. लाल शेवटी वाढवा, तोही ओठ, कपडे, भिंत एवढ्यापुरता. आणि ८ बिट (कमी रंगछटा साठवणाऱ्या) दाबलेल्या चित्रीकरणावर फार ओढाताण करू नका. मागच्या भिंतीवर रंगांचे पट्टे पडतात. १० बिट असेल तरच हात सैल सोडा.

खिळपाट

भिंगांचं राहिलं. ज्यने जवळून आणि रुंद भिंगाने चेहरा टिपतात, साधारण १८ ते २७ मिमीच्या टप्प्यातल्या. सुपर ३५ या सिनेमाच्या फिल्मच्या चौकटीत २५ मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या (स्थिरचित्रांच्या ३५ मिमी कॅमेऱ्याच्या) हिशेबात ३६च्या आसपास. मोबाइलची मुख्य लेन्स त्याहूनही रुंद (२४ ते २६) असते, त्यामुळे मोबाइल घेऊन तितक्याच जवळ गेलात तर नाक बटाट्यासारखं येतं. एक पाऊल मागे राहा, भिंग डोळ्यांच्या रेषेत ठेवा, चेहरा चौकटीच्या मध्यावर. कडेला गेला की ताणला जातो. अमेली साकारणाऱ्या ओद्रे तोतू सतत मधोमध दिसतात आणि थेट कॅमेऱ्यात बघतात, त्यामागे चेष्टेखोर जवळीक आहेच, पण भूमितीही आहे.

टिचकी

धागा छान चाललाय म्हणून थोडी काडी टाकते. हलकेच घ्या.

हा पॅरिस खरा आहे का? रस्त्यांवरची भित्तिलेखनं संगणकाने पुसली, नको त्या गाड्या काढल्या, जाहिराती बदलल्या. २००१ मध्येच सर्ज कागान्स्की या समीक्षकाने यावर कडाडून टीका केली होती: मोंमार्त्रसारख्या भागातून स्थलांतरितांचं पॅरिस गायब करून जुन्या पोस्टकार्डातलं गोंडस गाव दाखवलंय. बरं, भाजीवाल्याकडचा पोऱ्या साकारणारे जमेल देबूझ मोरोक्कन वंशाचे, पण पात्राचं नाव ल्युसिएँ. कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेतही सिनेमाला जागा मिळाली नव्हती. आणि तरी एकट्या फ्रान्समध्ये ८० लाखांहून जास्त तिकिटं खपली. मला हे फक्त 'समीक्षक वि. जनता' असं भांडण वाटत नाही. गोडव्याची किंमत कुणी दिली, हा प्रश्न उरतोच.

रिळवाला

टिचकी, टीका रास्त आहे आणि ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. फक्त एक मुद्दा. सिनेमा स्वतःला खरा म्हणवत नाही. अमेलीच्या पलंगावरची चित्रं आणि डुकराचा दिवा (दोन्ही मिखाएल सोवा या जर्मन चित्रकाराची कामं) रात्री आपापसांत बोलतात. ढग सशाच्या आकाराचे. जिच्यावर जीव जडला त्या नीनो या तरुणाला हाक मारता आली नाही म्हणून ती अक्षरशः पाणी होऊन फरशीवर सांडते. हे शहर तिच्या डोक्यातलं आहे. आता तिच्या डोक्यात स्थलांतरित का नाहीत, असं विचारलंत तर उत्तर नाही माझ्याकडे.

टिचकी

तेच विचारतेय :) पण पुढे चालू द्या, वाचतेय.

साखरपाक

क्रेम ब्र्युलेवर कुणीच बोलेना म्हणून आले. सिनेमात ते दृश्य दोन-तीन सेकंदांचं आहे आणि त्यात चवीचा संबंधच नाही. आवाज आहे. तो कडक् असा आवाज घरी येत नाही अशी तक्रार सगळीकडे वाचायला मिळते, आणि कारणं ठरलेली आहेत.

चार बशांसाठी: ४०० मिली क्रीम, १०० मिली दूध, ५ अंड्यांचे पिवळे बलक, ८० ग्रॅम साखर, अर्धी व्हॅनिलाची शेंग किंवा चमचाभर अर्क. आपल्याकडे डब्यात मिळणारं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. फ्रान्समध्ये ३० ते ३५चं वापरतात. २५चं असेल तर दूध गाळा आणि ५०० मिली क्रीमच घ्या, नाहीतर खालचा भाग पातळ राहतो आणि पापुद्रा त्यात बुडतो.

क्रीम-दूध वाफ येईपर्यंत तापवा, उकळू नका. बलक आणि साखर फक्त कालवा. फेटून फेस आणलात तर वर बुडबुडे येतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. गरम क्रीम थोडं थोडं करत बलकात घाला, गाळा. बशा ट्रेमध्ये ठेवून अर्ध्या उंचीपर्यंत गरम पाणी, १५० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. कडा धरलेल्या आणि मध्यभाग जेलीसारखा थरथरणारा, एवढ्यावर बाहेर. मग फ्रिजमध्ये किमान चार तास, झाकण थेट टेकू न देता.

आता पापुद्रा. (१) वर पाण्याचे थेंब असतील तर टिपकागदाने हलके टिपा. ओलावा असेल तर साखर विरघळते, जळत नाही. (२) साधी बारीक दाणेदार साखर, १० सेंमीच्या बशीला दीड चहाचा चमचा. पिठीसाखर लगेच काळी पडते, ब्राऊन शुगर आपल्याकडे दमट असते आणि गोळे होतात. (३) एकदम जाड थर नको. अर्धी साखर, त्यावर स्वयंपाकाची गॅस-टॉर्च, मग उरलेली, पुन्हा टॉर्च. ज्योत फिरती हवी. (४) दोन-तीन मिनिटं थांबा. वितळलेली साखर थंड झाल्यावरच काचेसारखी होते. घाईत चमचा मारला तर आवाज येत नाही, तार येते. (५) नंतर फ्रिजमध्ये परत ठेवायचं नाही. जळकी साखर हवेतलं पाणी ओढते. जुलैत मुंबईत किंवा रत्नागिरीत वीस मिनिटांत चिकट होते. वाढायच्या क्षणीच जाळा.

बशी पसरट हवी, दोन-अडीच सेंमी खोल. खोल वाटीत पापुदऱ्याचं क्षेत्रफळ कमी आणि चमचा तिरका पडतो.

अर्धविराम

साखरपाक, 'आवाज आहे, चव नाही' हे नेमकं पकडलंत. त्याला जोडून कोंबडी. ब्रतोदो दर मंगळवारी कोंबडी आणून भाजतो आणि पाठीवरचे दोन छोटे, खोबणीतले तुकडे गरम असतानाच बोटांनी काढून खातो. फ्रेंचमध्ये त्या तुकड्याला 'सो-ली-लेस' म्हणतात. शब्दशः अर्थ, 'मूर्ख तो तिथेच सोडतो'. उपशीर्षकांत हे कुठेच येत नाही. ज्याने लहानपणीचा डबा चाळीस वर्षं भिंतीत सोडला, त्याच्या ताटात हा तुकडा. पटकथाकारांना (ज्यने आणि गियोम लोराँ) दाद द्यावी लागते.

भाषेत आणखी एक. भाजीवाला कोलिन्यों ल्युसिएँला सगळ्यांसमोर हिणवतो तेव्हा अमेलीला उत्तर सुचत नाही, आणि तळघराच्या झरोक्यातून एक प्रॉम्प्टर तिला वाक्य पुरवतो: तुम्ही भाजीसुद्धा होऊ शकणार नाही, कारण आर्टिचोकला तरी हृदय असतं. आर्टिचोकच्या गाभ्याला फ्रेंच माणूस हृदयच म्हणतो, आणि जो दिसेल त्याच्या प्रेमात पडतो त्याला 'आर्टिचोकच्या काळजाचा' म्हणतात: प्रत्येकाला एकेक पान. म्हणजे टोमणा भाजीवाल्याला, भाजीच्या भाषेत, आणि कडेने प्रेमाचाही उल्लेख. नाटकाच्या विंगेतला प्रॉम्प्टर आपल्याला नवा नाही, पण रस्त्याच्या झरोक्यात तो बसवणं ही खास कल्पना. पुलँ या आडनावाचा अर्थ शिंगरू, हे जाता जाता.

आणि तो डबा परत द्यायला अमेली आधी ब्रदोतोंना शोधत दारोदार फिरते. खालच्या मजल्यावरचे द्युफायेल दुरुस्त करतात: ब्रदोतो नाही, ब्रतोदो. एका अक्षराच्या अदलाबदलीवर तिचा सगळा शोध अडतो.

खिळपाट

अमेली कोलिन्योंच्या घरात शिरून त्याच्यावर सूड घेते, तो कसा बांधलाय ते पाहा. टूथपेस्टच्या जागी पायांचं मलम, दिव्यात कमी वॉटचा बल्ब, सपाता एक माप लहान, दाराची मूठ उलटी, गजर पहाटे चारचा, आणि फोनवर आईच्या बटणाला वेड्यांच्या इस्पितळाचा नंबर. मोठं असं एकही काम नाही. प्रत्येक बदल इतका लहान की माणूस स्वतःवरच संशय घेतो. आणि प्रेक्षकाला प्रत्येकाची तयारी आधी दिसते, परिणाम नंतर. क्रम उलटा केला असता तर निव्वळ चिडवाचिडवी वाटली असती.

लोलक

त्यापेक्षा अमेलीच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या मादलेनचं पत्र मला कारागिरी म्हणून सरस वाटतं. नवरा सोडून गेला, परदेशात मेला, बाई जुनी पत्रं कवटाळून बसलीय. अमेली ती पत्रं लांबवते, फोटोकॉपी काढते, वाक्यं कापून नव्या क्रमाने चिकटवते, त्याची पुन्हा कॉपी, आणि कागद चहात बुडवते.

हे करून बघणाऱ्यांसाठी (लग्नपत्रिका, नाटकातली पत्रं वगैरे): फोटोकॉपी किंवा लेझर प्रिंटच हवी. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेली प्लॅस्टिकची भुकटी. पाण्याने हलत नाही. इंकजेटची शाई पसरते. अर्धा लिटर पाण्यात चहाच्या ४-५ पिशव्या, दहा मिनिटं मुरवा, पूर्ण गार करा, कागद २ ते ५ मिनिटं आडवा बुडवा. मग सपाट जागी वाळवा. दोरीवर टांगला तर खालच्या कडेला काळपट रेघ साचते. गुळगुळीत आर्ट पेपर घेऊ नका, चहा पितच नाही. ७० ते ८० जीएसएमचा साधा कागद उत्तम.

आता गंमत. चहात बुडवलेली फोटोकॉपी बारकाईने पाहिली तर फोटोकॉपीच दिसते, टोनर तिरक्या उजेडात चमकतो. मादलेनला ते दिसत नाही, कारण तिला पत्र हवंच आहे.

चांदणचुरा

पत्र इतक्या वर्षांनी का आलं, याचा बहाणा आठवतो ना? आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलेल्या जुन्या विमानातली टपालाची पिशवी गिर्यारोहकांना सापडली, अशी बातमी अमेली वाचते.

यात आपल्यासाठी अंगावर येणारा भाग आहे. माँ ब्लाँवर एअर इंडियाची दोन विमानं कोसळली: ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस' आणि २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा'. दुसरं मुंबईहून निघालं होतं आणि त्यात डॉ. होमी भाभा होते. बोसाँ हिमनदी ते अवशेष अजून सावकाश खाली आणतेय. ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे सिनेमानंतर अकरा वर्षांनी, तिथे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची राजनैतिक टपालाची तागाची पिशवी खरोखरच सापडली.

टिचकी

बाप रे. हे माहीत नव्हतं. काडी मागे घेत नाही, पण या प्रतिसादाला +१.

खिळपाट

फोटो-बूथचं यंत्र समजलं तर नीनोचा फाडून टाकलेल्या फोटोंचा अल्बम जास्त कळतो. जुन्या रासायनिक बूथमध्ये निगेटिव्ह नसायचं. भिंगातून प्रतिमा थेट कागदाच्या पट्टीवर, चार चौकटी, मग यांत्रिक हात ती पट्टी एकामागून एक रसायनांच्या टाक्यांत बुडवणार: डेव्हलपर, ब्लीच, धुणं वगैरे. चारेक मिनिटांनी ओलसर पट्टी बाहेर. म्हणजे प्रत्येक पट्टी जगात एकच. फाडून टाकली की संपली, दुसरी प्रत निघू शकत नाही. म्हणून नीनो बूथखालून तुकडे काढून जोडतो.

आणि तो रहस्यमय टकला माणूस, ज्याचे फोटो शहरभरच्या बूथांत सापडतात? दुरुस्तीवाला. रसायन बदलल्यावर किंवा दिवा जुळवल्यावर चाचणी फोटो काढावाच लागतो, आणि समोर बसायला दुसरं कोण असणार? प्रेत, भूत असल्या सगळ्या तर्कांचं उत्तर देखभालीच्या वेळापत्रकात निघतं. सिनेमातला सगळ्यात चांगला विनोद हाच, असं माझं मत.

अर्धविराम

द्युफायेल नक्कल करतो ते रन्वार या चित्रकाराचं चित्रही तसंच. हाडं काचेसारखी ठिसूळ म्हणून घरात कोंडलेला म्हातारा, वीस वर्षं दरवर्षी एकच चित्र नव्याने काढतो: 'नाविकांचं दुपारचं जेवण', १८८०-८१चं, मूळ वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये. पेल्यातून पाणी पिणारी मुलगी त्याला पकडता येत नाही. मग दोघं त्या मुलीबद्दल बोलतात आणि खरं बोलणं अमेलीबद्दल चाललेलं असतं. प्रेमपटातला सल्ला असा तिऱ्हाइताच्या आडून दिला की उपदेश वाटत नाही.

चांदणचुरा

संगीतावर दोन ओळी. यान तिएर्सन यांच्या काही रचना या सिनेमासाठी नव्या, पण बऱ्याच त्यांच्या आधीच्या अल्बममधून उचललेल्या. अकॉर्डियन, पियानो, खेळण्यातला पियानो. वाजवू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवा: त्या गाजलेल्या पियानोच्या तुकड्यात डावा हात तोच तोच आकृतिबंध फिरवत राहतो आणि उजवा वर हलकेच बोलतो. नवशिके दोन्ही हात सारख्याच जोराने वाजवतात आणि सूर डाव्यात बुडतो. आधी डावा एकटा, मेट्रोनोमवर ६० ते ७० ठेवून, अगदी हळू आवाजात घोटा. पेडल सुरांच्या प्रत्येक बदलाला सोडा, नाहीतर चिखल होतो.

साखरपाक

दगड फेकण्याबद्दलही आकडा आहे बरं का. २००४ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनीच प्रयोग करून दाखवलं की चपटा दगड पाण्याशी साधारण २० अंशांचा कोन करत आपटला तर सगळ्यात जास्त टप्पे घेतो. फिरकी हवीच, ती दगडाला कलंडू देत नाही. अमेली कालव्याच्या बंधाऱ्याच्या दारापाशी उभी राहते, पाणी संथ असतं, जागा बरोबर निवडलीय.

टिचकी

जाणाऱ्यांसाठी माहिती: अमेली जिथे काम करते तो कॅफे दे दू मुलँ खराच आहे, १५ र्यू लपीक. पण तिथल्या जॉर्जेत या पात्राचा तंबाखूचा गल्ला शोधू नका, सिनेमानंतर मालकी बदलली तेव्हा काढून टाकला. भाजीचं दुकान र्यू दे त्र्वा फ्रेरवर. कॅफेपासून चालत जाता येतं, रस्ता चढाचा आहे.

रिळवाला

पुरस्कारांचं राहिलं होतं. चार सेझार (फ्रान्सचे चित्रपट पुरस्कार), त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट. ऑस्करला पाच नामांकनं, हाती शून्य. आणि परभाषिक चित्रपटाच्या त्या यादीत आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' याच्याच शेजारी होता. दोघांनाही मागे टाकलं बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ने.

साखरपाक

एक विसरले. टॉर्च नसेल तर ओव्हनचं वरचं ग्रिल चालतं का, असं दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलंय. चालतं, पण बशी आधी १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि ग्रिलपासून ५ सेंमीवर, दारापाशी उभं राहून बघत. दोन मिनिटांच्या वर गेलं की खालचं क्रीम फुटतं.